मातीच्या क्लासला, आईच्या सोबतीला

३ जून
आईला मातीच्या भांड्यांच्या क्लासला घातलं. बाबा गेल्यापासून ती नुसती बसून असते. डॉक्टर म्हणाले, हात कशात तरी गुंतवा. सोबतीला मी. शाळा सोडल्यापासून मोकळाच आहे. आईचं काही खरं नाही, पन्नाशी उलटली. मला मात्र टॅलेंट आहे. मॅडमनी दोनदा बघितलं माझ्याकडे.

१० जून
गोळा चाकावर मधोमध बसेना. चाक वाकडं आहे. मॅडमना सांगणार होतो, पण लोक होते. घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, नाचता येईना... आणि थांबली. पुढचं बाबा म्हणायचे.

१७ जून
आई माझ्याच चाकावर बसली. वाटी झाली. नशीब.

२ जुलै
आई आता रोज जाते. जेवताना मातीबद्दलच बोलते. मला काही वाटत नाही. उद्यापासून जोरात प्रॅक्टिस.

३ जुलै
झोप लागली.

१४ जुलै
आईने मोठा कप केला, जाड कानाचा. मॅडम म्हणाल्या, अहो ताई, एवढ्यात चहा पिणार कोण? आई म्हणाली, ह्यांना एवढाच लागायचा.
माझी फुलदाणी झाली. बूड जाड आहे. मजबुतीसाठी.

२० जुलै
उद्या भट्टी लावणार. मॅडम म्हणाल्या, तुझी बुडाशी ओली आहे, भट्टीत फुटेल, पुढच्या वेळी बघू. त्या फोनवर गेल्या तेव्हा मीच आत ठेवली. आईच्या कपाशेजारी जागा होती. हाताला तर कोरडीच लागली.

२२ जुलै
भट्टी उघडली. फुलदाणीचे तुकडे. कपाचा कान उडाला, पोट फुटलं. मॅडमनी विचारलं, ही ओली कुणी ठेवली. मी सांगणारच होतो. आई म्हणाली, मी ठेवली.
भट्टीतच दोष असणार.

२३ जुलै
आई गेली नाही. बसून होती.

२४ जुलै
तेच.

२५ जुलै
आईने चपला घातल्या. म्हणाली, चल, तू नुसती माती मळ, चाकाला हात लावू नकोस. मळली. मॅडम म्हणाल्या, बरी मळलीस.
आईने पुन्हा मोठा कप केला. कान लावताना मला विचारलं, त्यांची तीन बोटं बसायची ना रे यात?
हो म्हणालो.
मला आठवत नव्हतं.