तीन डोलकाठ्यांचं जहाज

४ मे

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

गुडघ्याचं कळलं. फोनवर विचारलं की बरी आहे म्हणून मोकळी होतेस आणि खरं काय ते पत्रात लिहितेस, म्हणून मीही पत्रच लिहितो.

इकडे आमच्या कॉलेजच्या नाणेसंग्रहाला चांगले दिवस आलेत म्हणे. अकराशे नाणी, बत्तीस लाकडी खण आणि मी असे तिसऱ्या मजल्यावर बावीस वर्षं सुखात होतो. पाण्याची टाकी बघायला येणारा प्लंबर सोडला तर कुणी फिरकत नसे. आता नवे प्राचार्य आलेत. फिती कापायची इतकी हौस, की शिपायांनी त्यांचं नावच फीतकापे पाडलंय. कात्री गाडीत तयार असते. परवा ते नाकाला रुमाल लावून वर आले, भाजी निवडावी तशी सगळ्या खणांवरून नजर फिरवली आणि यातलं सोन्याचं कुठलं म्हणून विचारलं. एकही नाही म्हटल्यावर चेहरा पडला. मग मी माझं तांब्याचं जहाज दाखवलं.

तुला आठवत असेल, त्या नाण्यावर मी निबंध लिहिला होता. फुगीर बुडाचं जहाज, तीन डोलकाठ्या आणि त्यांच्यामध्ये एक समुद्रपक्षी. समुद्र इतका लांब असूनही इथले लोक जहाजं हाकत होते, हे मी पहिल्यांदा मांडलं. त्या एका निबंधावर मला इथे चिकटता आलं.

फीतकाप्यांना लगेच ‘ज्ञानाचं जहाज’ सुचलं. आता गेटवर चार फुटी पितळी जहाज बसणार आहे. सजावटवाल्याने त्यावर झेंडाही चढवलाय. नाण्यावर झेंडा नाही म्हटलं, तर तिथे रिकामं रिकामं वाटत होतं म्हणाला. फीतकाप्यांनी मान डोलावली. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच.

पण गेटचं उद्घाटन वीस जूनला आहे, आणि त्याच दिवशी माझी संग्रहप्रमुख म्हणून नेमणूक जाहीर होणार आहे. बावीस वर्षं मी हंगामी आहे, आक्का. त्यामुळे झेंडा गिळला.

प्रमाणपत्रांवर उठवायला त्यांना जहाजाचा पितळी शिक्का हवाय. भाऊजींच्या मागे शिक्क्यांचं दुकान माझी बहीण चालवते, तीच कोरेल, असं मी सांगून टाकलं. नाण्यावर कागद धरून पेन्सिलीने घासलेला ठसा सोबत आहे.

लोभ आहेच, गुडघ्याकडेही थोडा असू दे.
तुझा,
धाकटा

११ मे

चि. धाकट्यास,
अ. आशीर्वाद.

ठसा मिळाला. दोन दिवस भिंगाखाली घेऊन बसले, पण कोरायला हात उचलेना. रागावू नकोस. हे जहाज नाही.

आम्ही पितळेवर काही कोरतो तेव्हा आधी जमिनीची रेघ मारून घेतो आणि मग जे उभं करायचं ते तिच्यावर उभं करतो. तुझ्या ठशात ती रेघ सगळ्यात वर आहे. आभाळाला रेघ कोण मारतं रे? आणि तुझ्या डोलकाठ्या वर जाड, खाली बारीक. असल्या काठ्या लावून जहाज निघालं तर किनाऱ्यावरच पालथं होईल. कागद फिरव. जहाजाचं बूड म्हणतोस ते छप्पर आहे आणि खाली तीन खांब आहेत. पक्ष्याचं मला सांगता येत नाही, तिथे तू पेन्सिल फार घासलीयस.

तुझे भाऊजी म्हणायचे, ज्याला उलटं वाचता येत नाही त्याने शिक्क्याच्या धंद्यात पडू नये. शिकलेल्या माणसांना सुलटंही वाचता येत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

फीतकाप्यांना हसतोस ते हस. पण झेंडा त्यांनी आता लावला. जहाज तू लावलंस.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद, आणि एक टपलीही.
आक्का

१६ मे

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. वरची रेघ म्हणजे डोलकाठ्यांना बांधलेला दोर आहे. त्याचा खुलासा निबंधाच्या सातव्या पानावर आहे आणि तीन विद्वानांनी तो मान्य केला आहे. काठ्यांची जाडी ही नाणं झिजल्यामुळे आली आहे.

शिक्के कोरणं वेगळं आणि नाणी वाचणं वेगळं. उद्या लोहार म्हणेल की तलवारी मी घडवल्या, तेव्हा लढायांचा इतिहास मला विचारून लिहा. चौथीपर्यंतच्या शाळेवर या गोष्टी कळत नाहीत, आणि त्यात कमीपणाही नाही. नेमणूक महिन्यावर आली असताना घरच्याच माणसाने असं काही लिहावं, हे मात्र बरं नाही.

शिक्का जहाजाचाच हवा.

लोभ असावा, सल्ला नसला तरी चालेल.
धाकटा

२२ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आहेतच.

तीन विद्वानांनी तुझा निबंध वाचला. त्यातल्या कितींनी नाणं हातात घेतलं?

जहाजाचा शिक्का मी कोरणार नाही. बाजारात पुष्कळ जण बसलेत, तासाभरात देतील, झेंड्यासकट.

तुझ्याकडे भिंग आहे ना? की तेही हंगामी आहे?

आक्का

१ जून

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार, आणि या वेळी अक्षरशः.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तरातरा वर गेलो, तुला खोटं पाडायलाच. तसली नऊ नाणी आहेत. नऊही टेबलावर मांडली. सगळ्यात कमी झिजलेलं भिंगाखाली धरलं आणि फिरवलं.

छप्परच आहे. खांब जमिनीत रोवलेले आहेत. आणि ज्याला मी बावीस वर्षं समुद्रपक्षी म्हणत आलो, तो मांडी घालून बसलेला माणूस आहे. त्याचे पसरलेले गुडघे म्हणजे माझे पंख. हात जोडलेत त्याने. एकदा दिसल्यावर बाकीच्या आठांवरही अंधूक दिसला.

आक्का, मी रोज सकाळी देवापुढे असाच बसतो. तरी मला तो ओळखू आला नाही. जहाज दिसलं की निबंध होतो. छपराखाली हात जोडून बसलेल्या माणसाचा कसला निबंध होणार?

महिनाभर मी फीतकाप्यांना हसलो. त्यांनी एकही नाणं नीट पाहिलं नाही. मी नऊ पाहिली आणि बावीस वर्षं पाहिली. त्यांच्यापेक्षा माझा मूर्खपणा जुना आणि अभ्यासपूर्ण आहे. लोहाराचं आणि चौथीचं जे लिहिलं, ते पान फाडून टाक.

काल फीतकाप्यांना सांगायला गेलो. वाटलं, संतापतील. त्यांनी मी नवा काढून नेलेला ठसा घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि काही हरकत नाही म्हणाले. पितळी जहाज पालथं टांगायचं आणि ज्ञानाचं छत्र म्हणायचं, झालं. झेंडा खाली लोंबेल म्हटलं, तर झुंबरासारखा दिसेल म्हणाले. निबंधाबद्दल मात्र मी कुठे बोलायचं नाही. निवड समितीपुढे माझा म्हणून तेवढा एकच कागद आहे. तोच मागे घेतला तर मला नेमायचं कशाच्या जोरावर? हे सगळं ते मायेने सांगत होते. पाठीवर हातसुद्धा ठेवला. तेच सहन होईना.

आज दुपारी दुरुस्ती लिहून मासिकाकडे पाठवली आणि एक प्रत समितीला दिली. हे जहाज नाही, चूक माझी आहे आणि ती शिक्के कोरणाऱ्या माझ्या बहिणीने दाखवली, असं लिहिलंय. तुला विचारायला हवं होतं.

लोभ उरला असेल तर ठेव.
धाकटा

५ जून

चि. धाकट्यास,
अ. आशीर्वाद.

चूक कबूल केलीस म्हणून शाबासकी देणार नाही. मी अक्षर चुकले तर गिऱ्हाईक शिक्का तोंडावर फेकतं, शाबासकी देत नाही.

माझं लिहिलंस ते असू दे. मागच्या गल्लीतल्या वकिलाला दाखवायला एक प्रत पाठव, फार शहाणपणा करतो माझ्यापुढे.

बसलेला माणूस मला आवडला. एवढ्याशा जागेत हात जोडलेले कोरणं सोपं नाही. ज्याने साचा कोरला त्याचा हात चांगला होता, आणि घाई नव्हती त्याला.

नेमणूक जाईल. जाऊ दे म्हणणं मला सोपं आहे, तुला नाही, हे कळतं मला. तरी उद्घाटनाला तोंड लपवून बसू नकोस. इस्त्रीचा शर्ट घालून जा.

आक्का

२१ जून

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

काल इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

फीत कापली. पालथं जहाज गेटवर टांगलंय. झुंबर झालेला झेंडा इतका खाली आलाय, की उंच पाहुण्यांना वाकून आत यावं लागलं, आणि ज्ञानापुढे सगळेच वाकतात असं फीतकापे माइकवरून म्हणाले. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी छत्राबद्दल पाऊण तास सांगितलं. नाणं कुणीच पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

संग्रहप्रमुख म्हणून खेळाच्या शिक्षकांचं नाव जाहीर झालं. पदकं आणि नाणी दोन्ही गोल असतात, एवढाच संबंध मला सापडला. मी हंगामीच, त्यांच्या हाताखाली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुपारी ते किल्ल्या घ्यायला वर आले. एक काम उरलंय म्हटलं, तर दारातच शिटी बोटाभोवती फिरवत उभे राहिले. ती नऊ नाणी खणात अजून माझ्या जुन्या पद्धतीनेच होती, डोलकाठ्या वर. पहिलं उचललं, अर्धं फिरवलं आणि परत खाचेत ठेवलं. मग दुसरं. शिक्षक म्हणाले, फिरवून काय फरक पडतो, नाणं तेच ना. खाली फोटो चाललेत, आटपा.

मी आटपलं नाही. बावीस वर्षं त्यांना डोक्यावर उभं केलं होतं मी. नऊही जणांना एकेक करून जमिनीवर बसवलं, मगच किल्ल्या दिल्या.

लोभ ठेव, आणि कान धरायचं सोडू नकोस.
तुझा,
धाकटा