आवाज नसलेली गाडी

४ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी विकायची नाही! आज फोनवर लेकीला स्पष्ट सांगितलं. तिचं आपलं एकच पालुपद — "आई, एवढी लांबलचक गाडी तुम्हा दोघांना कशाला? छोटी घ्या, ऑटोमॅटिक घ्या." कशाला म्हणे! तिच्या बाबांचा उजवा गुडघा वाकत नाही, हे ती सोयीस्करपणे विसरते. छोट्या गाडीत तो पाय काय डिकीत ठेवायचा? आमच्या गाडीत पुढची सीट पार पुढे सरकवली की हे मागे पाय पसरून बसतात. राजासारखे. चौदा वर्षांत ही गाडी रस्त्यात एकदाही बंद पडलेली नाही. माणसांबद्दल तरी असं म्हणता येतं का?

६ फेब्रुवारी, गुरुवार

शेजारचे जनावरांचे डॉक्टर आमच्यासारखीच गाडी घ्यायच्या विचारात आहेत. जुनी कुठेतरी बरी मिळतेय. "काकू, तुमच्याइतकी कुणी वापरलेली नाही. तुमचं मत सांगा."

विचारलंच आहे तर ऐका म्हटलं! चहा दोनदा झाला. दिवसभर चालवली तरी कंबर धरत नाही. खड्ड्यातून गेली तरी पोटातलं पाणी हलत नाही. टायर, बॅटरी, ब्रेकची पॅडं — ती बदलावी लागतातच, त्यात गाडीचा दोष नाही. वाईट काय तेही सांगितलं. मी दुकानदार नाही. पेट्रोल पिते. वळवायला मैदान लागतं. मी पार्किंगमध्ये मागे घ्यायला लागले की समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत येऊन उभी राहतात — येऊ देत, अजून कुणाला काही बघायला मिळालेलं नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट — आवाज नाही! हे मी बोलते आहे, जिने पंख्यांच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणी केली. पंखा जरा घरघरला की बाद. मग खुद्द मालक येऊन हात जोडो. माझा कान म्हणजे कारखान्याचा शिक्का होता. गाड्या म्हाताऱ्या झाल्या की कुरकुरायला लागतात, ही उलटी. दर वर्षी आणखी शांत होत चालली आहे.

डॉक्टर गालातल्या गालात हसत होते. सज्जन माणूस, पण बोलतो फार पुटपुटत. गुरं ऐकून घेत असतील.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दारावरची बेल बिघडली. कुरिअरवाला परत गेला. हे म्हणतात, वाजली होती. मग उघडलं का नाही? तर म्हणे, आंघोळ करत होतो. वर मलाच — "तू तर बाहेरच्याच खोलीत होतीस." उद्या इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरांना फेरी मारून आणली. ते पुढे माझ्या शेजारी, गुडघे तोंडाशी घेऊन, मागे हे. हमरस्त्याला लागल्यावर डॉक्टर मान तिरकी करून बसले. "काकू, मागून गुणगुण येतेय का हो?"

"कसली?"

"मागच्या चाकातून. वेग वाढला की वाढते."

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही म्हशींची पोटं तपासा. माझी गाडी राहू द्या." ते मनापासून हसले. हे मागे नेहमीप्रमाणे चूप. गाडीत बसले की ह्यांचं मौनव्रत सुरू! जन्मभर कोर्टात दुसऱ्यांचं बोलणं टाइप केलं, स्वतःचं बोलायचं राहून गेलं असेल.

घरी आल्यावर मात्र म्हणाले, "डॉक्टर बरोबर सांगतायत. गुणगुण आहे."

"मग इतके दिवस तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?"

"सांगितलं होतं मी."

कधी? काहीतरीच!

१० फेब्रुवारी, सोमवार

बातमी लेकीपर्यंत पोचली. घरचा भेदी कोण ते उघड आहे. तिचा फोन — "आई, बेअरिंग गेलं असेल तर चाक जाम होऊ शकतं. चालत्या गाडीत. आणि बाबा मागेच बसतात."

हे शेवटचं लागलं. त्यांच्यासाठीच तर ही गाडी ठेवली आहे. मी म्हटलं, शनिवारी गॅरेजला ये. तुझ्या डोळ्यांदेखत तपासू. खोट निघाली तर किल्ली तुझ्या हातात. मग विक, नाहीतर भंगारात घाल. नाही निघाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

शब्द म्हणजे शब्द.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडी स्वतः धुतली. आरशासारखी चकाकतेय! उद्या लेकीची फजिती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मिस्त्रीने गाडी वर उचलली आणि मागचं चाक हाताने फिरवलं. लेकीने दात आवळले. ह्यांनीही तोंड वेडंवाकडं केलं. मी विचारलं, "काय झालं?"

"आई! हे ऐकू नाही येत?"

"काही असेल तर येईल ना!"

मिस्त्रीने दुसऱ्या बाजूचं चाक फिरवलं, मग परत पहिलं. "बाई, हे चांगलं. आणि हे बघा — जात्यात खडे टाकल्यासारखं."

मी वाकले. कान अगदी जवळ नेला. एक चाक, मग दुसरं. दोन्ही सारखीच. शांत.

सरळ उभी राहिले तेव्हा चाकाकडे कुणीच बघत नव्हतं. तिघंही माझ्याकडे बघत होते.

पर्स उघडली, किल्ली काढली, लेकीच्या हातावर ठेवली. "अगं आई, मला किल्ली नकोय, तू आधी —" म्हटलं, ठरलं होतं ते ठरलं होतं. टॅक्सीने परतलो. हे मागे मावेनात. शेवटी ड्रायव्हरच्या शेजारी बसले, पाय दाराबाहेर राहतो की काय असे. एकदाही कण्हले नाहीत. निदान मला तरी ऐकू आलं नाही.

हे वाक्य लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं होतं. आता पुन्हा उचललं.

१६ फेब्रुवारी, रविवार

बेल बिघडलेली नाही. दार उघडं ठेवून स्वतः बटणावर बोट दाबून उभी राहिले. हे आतून हात वर करून दाखवत होते — वाजतेय, वाजतेय, आता पुरे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कानांची तपासणी. काचेची खोली, डोक्यावर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. मी ताठ बसले. आयुष्यात एकाही परीक्षेत नापास झालेले नाही. बराच वेळ गेला तेव्हा बाहेरच्या मुलीला खूण केली, सुरू कधी करताय? ती दार उघडून आत आली आणि माझ्यासमोर बसून सावकाश म्हणाली, "आजी, संपत आलं."

कानांच्या डॉक्टरांनी विचारलं, कारखान्यात पत्रा कापायची मशिनं किती लांब होती? लांब कसली! भिंतीपलीकडे. कानात बोळे घालणाऱ्या पोरींना आम्ही नाजूक नार म्हणायचो. मात्र मी बाद केलेला प्रत्येक पंखा बाद करण्याच्याच लायकीचा होता. त्याबद्दल कुणाचं एक अक्षर ऐकून घेणार नाही!

संध्याकाळी ह्यांना समोर बसवून विचारलं, "तुम्ही गाडीत बोलायचात?"

"बोलायचो की."

"मग?"

"तू उत्तर द्यायची नाहीस. मला वाटलं, चालवताना मध्ये बोललेलं तुला खपत नाही. तुझा स्वभाव... म्हटलं, जाऊ दे. मग सोडलं बोलणं."

आणि मी यांना घुमे म्हणत होते!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

यंत्रं आली. दोन, वाटाण्याएवढी. अरे देवा! वर्तमानपत्र उलगडलं तर छप्पर पडल्यासारखं वाटलं. माझ्या चपला फटफट वाजतात. हे चहा फुरकत पितात — बेचाळीस वर्षं संसार करून आज कळलं, की विसरले होते?

लेक संध्याकाळी आली. टेबलावर किल्ली ठेवली. "बेअरिंग बदललंय. बाकी गाडी ठणठणीत आहे, मिस्त्रीच म्हणाला. पण कानात यंत्रं असतील तरच चालवायची."

"मला अटी घालतेस?"

"हो."

कुणाची लेक आहे! मान्य केलं.

२ मार्च, रविवार

यंत्रं लावून पहिल्यांदा गाडी काढली. इंडिकेटर टकटक करतो! सीटचं कव्हर करकरतं! डॉक्टरांना दिलेलं मत दुरुस्त करायला हवं. पूल ओलांडला आणि मागून — गुणगुण. स्पष्ट. बदललंय म्हणे बेअरिंग! मिस्त्रीचा मनातल्या मनात उद्धार करत गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

गुणगुण चालूच.

आरशात पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते, बोटांनी त्या आखडलेल्या गुडघ्यावर ठेका धरून.

मागे वळले नाही. ऐकत बसले.