दाढ काढायला जातो

४ मार्च
ठरलं! लेझर करून घ्यायचं. उणे साडेसहाचा नंबर एका सकाळीत गुल. तपासण्या झाल्या, डॉक्टर हो म्हणाले. अडचण एकच. मी सासऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानात बसतो आणि सासरे येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतात की डोळ्याला हत्यार लावू नये, चष्म्यासारखं सुख नाही. त्यात एक तारखेला दुकानाची किल्ली माझ्याकडे किंवा साडूकडे जाणार. माझ्याकडेच येणार. साडूला फ्रेमची काडी नि दातकोरणं सारखंच.

७ मार्च
बायकोला शपथ घालून सगळं सांगितलं. तिचं म्हणणं, बाबांना सांगून टाका. म्हटलं, किल्ली हातात आली की सांगेन. तिने कपाळावर हात मारला. हिला धोरण म्हणून कळत नाही.

११ मार्च
सराव सुरू. मशीनमधल्या दिव्याकडे एकटक बघायचं असतं. म्हणून स्टॅबिलायझरच्या हिरव्या दिव्याकडे पापणी न मिटता बघतो. डोळे लालबुंद. दुकानात एका बाईंनी विचारलं, घरी काही वाईट झालं का? घाबरलेलो नाही. फक्त जेवण जात नाही.

१४ मार्च
नशीब जोरावर! १८ला सासरे माल आणायला बाहेरगावी. मीही तीच तारीख घेतली. दाढ काढायला जातो म्हणून सांगितलं. डोकं लागतं याला.

१७ मार्च
पापणीला चिमटा लावतात. आज कळलं. म्हणजे सराव पाण्यात. आणि काही बिनसलं तर? लेकीचा चेहरा परत दिसलाच नाही तर? अक्षर हलतंय. पंखा फार जोरात आहे.

२० मार्च
झालं! परवा नर्सने चष्मा काढून घेतला, टोपी-मास्क चढवून बाकावर बसवलं. शेजारी तसाच टोपीवाला, नुसता धुरकट आकार. वेळ जाता जाईना, त्यामुळे तोंड सुटलं. सगळं ओकलो. सासरा कसा कवडीचुंबक, दाढ कशी खोटी, किल्ली आली की जुन्या फ्रेमा भंगारात नि म्हातारा घरी. आकार हं हं करत होता. शेवटी लेकीचं बोललो आणि रडू फुटलं. त्याने माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात नर्स त्याला मोतीबिंदूवाले काका म्हणून आत घेऊन गेली. सज्जन माणूस. नाव विचारायचं राहिलं.

२२ मार्च
लख्ख दिसतंय. लेकीच्या गालावरचा तीळसुद्धा. दुकानात गेलो तर गल्ल्यावर सासरे, काळा चष्मा लावून.
शांतपणे म्हणाले, जावईबापू, ऑपरेशन डोळ्याचं होतं, कानाचं नव्हे.
बायकोला फोन केला. तिला म्हणे दोघांनीही शपथ घातली होती.
किल्ली साडूकडे. मला साध्या काचेची जाड काळी फ्रेम. दुकानात दिवसभर लावायची, गिऱ्हाइकाचा विश्वास उडता कामा नये. कानामागे टोचते.
निघताना त्यांनी विचारलं, दाढ कशी आहे?
बरी आहे म्हटलं.