बिनधुराची गाडी

ती. अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मागे म्हणालीस की आता आराम आहे, पण तुझा आराम मला ठाऊक आहे, स्टुलावर चढून माळा आवरत असशील. इकडे सगळं ठीक. सौ.चा खोकला गेला, माझी साखर जिथल्या तिथे आहे. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रास कारण असं की माझा पुरता गोंधळ उडाला आहे, आणि तो नक्की कशाचा, हे लिहिता लिहिता कळेल अशी आशा आहे.

आपल्या ड्रायव्हिंग स्कूलची म्हातारी गाडी आता रजा मागतेय. सुरू केली की मागे असा काळा धूर निघतो की शिकणाऱ्याला आरशात रस्ताच दिसत नाही. (मी सांगतो, मागचं सोडा, पुढचं बघा. तत्त्वज्ञान म्हणून खपून जातं.) पण ज्यांच्या पटांगणात आपण रिव्हर्स शिकवतो, त्या बालवाडीच्या बाईंनी परवा निक्षून सांगितलं: धूर थेट मुलांच्या वर्गात येतो, महिनाअखेरपर्यंत बिनधुराची गाडी आणा, नाहीतर पटांगण विसरा. पटांगण गेलं की आपलं स्कूल गेलंच म्हणून समज. नवशिक्याला भर बाजारात रिव्हर्स शिकवायला मी काही जिवावर उदार झालेलो नाही.

म्हणून चार लोकांना विचारायला गेलो आणि डोक्याचा भुगा करून घेतला. वरच्या मजल्यावरचे रसायनाचे सर म्हणाले, विजेची गाडी धूर सोडत नाही खरं, पण वीज कोळशावर होते, म्हणजे धूर निघतोच, फक्त दुसऱ्याच्या दारात. मी म्हटलं, मग गॅसची घेऊ. तर म्हणाले, गॅसही जळतोच की! मग पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी? त्यावर सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली की दोन घरचा पाहुणा उपाशी. शेवटी मी सरांना विचारलं, तुम्ही कशाने फिरता? ते म्हणाले, मी कुठे जातच नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने हेच उत्तम असावं, पण त्यावर ड्रायव्हिंग स्कूल कसं चालवणार, सांग!

मग तिन्ही प्रकारच्या गाड्या चालवून बघायच्या ठरवल्या. सौ. बरोबर होती. पहिल्या शोरूममध्ये विजेची. टायवाल्या पोराने बॉनेट उघडलं, तर आत इंजिनच नाही, बॅगा ठेवायची जागा! मी रेडिएटर शोधतोय, तो मला पिशवी कुठे बसेल ते दाखवतोय. क्लच नाही, गिअर नाही. अगं, माझा निम्मा कोर्स क्लचवर उभा आहे! हाफ क्लच म्हणजे काय हे समजावताना माझा आवाज बसला, केस गेले, आणि आता म्हणे ती भानगडच नाही. असो. पोराने दार उघडून धरलं आणि मी सवयीने पलीकडून जाऊन ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसलो. तो जरा घुटमळला, मग मुकाट्याने स्टिअरिंगला बसला. आता शेजारी कुणी स्टिअरिंगला बसलं की माझं तोंड आपोआप सुरू होतं, त्याला मी काय करू? आरसा बघा, बेल्ट लावा, इंडिकेटर आधी मग वळण, एवढी घाई कुणाची लग्नघटिका आहे का? पोराला घाम फुटला. पण वळण मात्र सुरेख घेतलंन.

गॅसच्या गाडीवाल्याने चौकात एका हाताने स्टिअरिंग धरलं. मी ओरडलो आणि पाय जोरात खाली दाबला (आपल्या स्कूलच्या गाडीसारखा तिथे ब्रेक नसतो हे पायाला कोण सांगणार?), सौ.चा चष्मा खाली पडला. तिसरा, दोन्हींवर चालणाऱ्या गाडीचा, इंडिकेटर न देताच वळला. त्याला मी आणखी पंधरा दिवस सराव करायला सांगून उतरलो. तो हो म्हणाला, बिचारा.

तेव्हा विजेची बुक केली. सौ.ने रस्त्यात विचारलं, नक्की काय बघून घेतलीत? मी म्हटलं, आरसा बघतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतो, वळण छान घेतो. ती म्हणाली, हे त्या पोराचं झालं, गाडीचं काय? अक्का, मी मटकन फूटपाथवरच बसलो. तीन गाड्यांची परीक्षा घ्यायला गेलो आणि तीन ड्रायव्हरांची घेऊन आलो. गाडीबद्दल मला आजही एवढंच ठाऊक आहे की ती निळी आहे आणि पिशवी पुढे बसते.

तर असा सगळा आनंद आहे. तब्येतीला जप, माळ्यावर चढू नकोस.

तुझा धाकटा
(बाहेर मास्तर)

ता. क. – रविवारी गाडी ताब्यात मिळणार आहे. बालवाडीच्या बाई, सौ., सध्याची सगळी शिकणारी मंडळी बघायला येणार आहेत. शोरूमचा नियम असा की मालकाने स्वतः गाडी चालवत बाहेर काढायची, फोटो काढतात. माझ्या बाजूचा जादा ब्रेक नंतर बसणार आहे, पण तो प्रश्न नाही. प्रश्न असा की स्कूल काढल्यापासून मी स्टिअरिंगला बसलेलोच नाही. कुणीतरी शिकणारा असतोच. बाजारहाट, दवाखाना, तुझ्या मुलीचं लग्न, सगळीकडे मी धडा देतच पोचलो. काल पटांगणात म्हाताऱ्या गाडीत एकटाच बसून बघितलं. सुरू केली, आणि शेजारून कुणी 'हळू' म्हणेना. गाडी बाईंच्या कुंड्यांवर गेली. मला भीती वाटते, अक्का, खरंच वाटते. लोकांना कळलं तर कोण येईल माझ्याकडे शिकायला? तू रविवारी ये आणि माझ्या शेजारी बस. तुला गाडी येत नाही हे माहीत आहे. फक्त ओरड.

ता. क. २ – तिकीट लावताना सौ.ने पत्र वाचलं. मला वाटलं हसेल, पण हसली नाही. म्हणाली, अक्कांना गुडघा दुखत असताना कशाला बोलावता, मी बसते शेजारी. मी म्हटलं, अगं, तुला लायसन्स तरी आहे का? तर म्हणाली, ओरडायला लागतं का? आणि रविवारची तयारी म्हणून आत्तापासून सुरूही झाली आहे. तेव्हा अक्का, तू येच. मागे बस, आणि तिला ओरड.