कोरं खापर

॥ श्री ॥

धुळे, ६ जानेवारी २०२५

ती. यशोदाअक्कास,
योगेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या पोस्टातली डिंकाची वाटी नाताळापासून कोरडी आहे आणि या राष्ट्रीय आपत्तीची कोणीही दखल घेतलेली नाही. खिडकीमागच्या साहेबांना विचारलं, तर डिंक मागवला असल्याचं त्यांनी शपथविधीच्या आवाजात सांगितलं. शेवटी तिकीट जिभेने चिकटवलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की शेजारी भांडण बघायला जमतात, म्हणून हा खटाटोप.

आता कामाचं. नवोदित हस्तकला कलाकारांना व्यावसायिक विकासासाठी अनुदान देणारी ती मुंबईची संस्था, तिच्या पहिल्या चाळणीतून आपली दिपमाला तरली. अर्ज मीच भरला होता. त्यात कारकीर्द कधी सुरू झाली असा रकाना होता. तुझी पोर सहाव्या वर्षापासून माती तुडवते आणि तुमच्या घराच्या सात पिढ्या पुरणपोळी भाजायची मातीची खापरं थापण्यात गेल्या, हे खरं लिहिलं असतं तर ती नवोदित उरली नसती. म्हणून तीन वर्षांपूर्वी, असं लिहिलं. सात पिढ्या एका ओळीत पुसल्या, पूर्वजांनी माफ करावं. ‘कलाप्रवासातला सर्वांत मोठा अडथळा’ असाही रकाना होता. तिथे दाजींचं नाव लिहायचा मोह आवरला.

आता एक खापर नमुना म्हणून महिनाअखेरच्या आत पाठवायचं. परीक्षक ते समोर ठेवून निर्णय करणार. मिळालं तर दिपूला तीन महिन्यांचं शिक्षण आणि गॅसची भट्टी. नाही मिळालं तर काय, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. गच्चीवरच्या कपड्यांना धूर लागतो म्हणून नव्या कॉलनीवाले पाडव्यानंतर तुमचा खापरं भाजायचा आवा पेटू देणार नाहीत, आणि दाजींनी तिला सुरतेला आत्याकडे, साड्यांच्या घड्या घालायला धाडायचं पक्कं केलंय. तेव्हा जे पाठवाल ते जिवाचं पाठवा.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर ठेवायला जागा नाही.

तुझा,
योगेंद्र

॥ श्री ॥

धरणगाव, २३ जानेवारी

चि. योगेंद्रास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं शे, चष्म्याचा नंबर बघून घे.

खापर रवाना झालं. दिपूने तळ्याची माती दोनदा चाळली, घोड्याची लीद मळली, थापून थापून असं पातळ केलं की उन्हात धरलं तर वाटे आरपार दिसेल. आव्यातून निघालं तेव्हा तुझे दाजीसुद्धा उठून आले. बोलले काही नाहीत, बोलले असते तर पाऊस पडला असता, पण नखाने वाजवून बघितलं. गुळासारखा लाल रंग. कडेला तिने काडीने ज्वारीच्या कणसांची ओळ काढली आणि खाली स्वतःचं नाव कोरलं. मी म्हटलं, चुलीवर जाणाऱ्या वस्तूवर नाव कशाला. तर म्हणे, हे चुलीवर जायचंच नाही. मला हसूच आलं. खापर चुलीवर जायचं नाही तर काय कपाटात बसायचं.

ती चिकटपट्टी आणायला गेली तेवढ्यात मी चूल पेटवली. तुला तर माहीत शे, कोरं खापर आपल्या उंबऱ्याबाहेर जात नाही. सासूबाईंनी जाऊ दिलं नाही, मीही नाही. पहिली पोळी कुंभारणीने भाजायची, तडकायचं ते आपल्या घरी तडकू दे, दुसऱ्याच्या सणाला नको. तेल पाजलं, पोळी टाकली, बठ्ठं बेस झालं. कुठे केसाएवढी चीर नाही. पुसून, कापडात गुंडाळून खोक्यात होतं तसं ठेवलं. दिपूला बोलले नाही, उगाच म्हणेल आईला काळजीच फार. काळं झकास चढलं शे. मुंबईवाल्यांना कळेल, पारखून पाठवलंय.

तब्येतीला जप. आपल्या अक्काला विसरायचं नाही, एवढंच मागणं.

अक्का

॥ श्री ॥

धुळे, ३० जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ताटावर बसून वाचलं आणि ताट तसंच राहिलं.

अक्का, त्या लोकांना खापरात पोळी भाजायची नाही. काचेच्या फळीवर, दिव्याखाली ठेवून बघायचं आहे. वस्तू नवी, न वापरलेली हवी, असं नियमात होतं. ते तुला सांगायला हवं, हे माझ्या मनात आलं नाही, कारण खापर जुनं पाठवेल असं कोण. आणि तू जुनं पाठवलंही नाहीस.

लगेच मुंबईला फोन केला. तिथे पलक नावाची मुलगी आहे, इतकी गोड बोलते की रागावायला जागा सापडत नाही. खोकं उघडून फोटो काढले गेलेत, आता वस्तू बदलता येणार नाही, असं ती म्हणाली. मी तिला पहिल्या पोळीची रीत सांगितली. तिला फार भावली. दोनशे शब्दांत लिहून द्याल का म्हणाली. मी आनंदाने हो म्हटलं, तर तो रकाना मात्र डिसेंबरातच बंद झाल्याचं तिने तितक्याच मायेने सांगितलं. मी दोन हजार शब्द लिहून पाठवले. उत्तर नाही. रोज फोन करतो, आता ती माझा आवाज ओळखते.

दिपूला तू स्वतः सांग. तिला ते कागदावरून कळू नये.

तुझा,
योगेंद्र

धरणगाव, १२ फेब्रुवारी

चि. योगेंद्रास, अ. आ.

सांगायला गेले आणि सांगता आलं नाही. पोर परसात दोरी धरून भट्टीची जागा आखत होती. मलाच म्हणाली दोरीचं टोक धर. मी धरलं.

त्यांना सांग, आई वेडी शे. पोरीचा काही दोष नाही, तिला काही माहीत नाही. सांग की म्हातारीला भ्रम होतो. कागदावर लिहून दे, मी अंगठा देते, सही देते. नाहीतर मुंबईची गाडी कोणती ते कळव. मी येते आणि त्यांच्यासमोर घासून देते. राखेने घासलं तर थोडं लाल निघेल. बठ्ठं नाही निघणार, पण थोडं निघेल. दिव्याखाली तेवढी बाजू पुढे करून ठेवा म्हणावं.

जेवण जात नाही. दिपूला वाटतं मला पित्त झालंय, ओव्याचं पाणी देते.

अक्का

धरणगाव, २१ मार्च

ती. योगेंद्रमामांस,
दिपमालाचा शि. सा. न.

फोनवर बोलले तर रडेन, म्हणून लिहिते.

परवा संस्थेचं उत्तर माझ्या फोनवर आलं. पाठवलेली वस्तू वापरलेली असल्याने विचार करता आला नाही. मला वाटलं खोक्यांची अदलाबदल झाली असेल. मी त्यांच्याशी भांडले, मामा. त्या पलकताईंना वाट्टेल ते बोलले. त्यांनी फोटो पाठवला. काळ्या खापराखाली माझं नाव होतं.

आईला विचारलं तेव्हा ती कणीक मळत होती. सगळं सांगितलं, पण मळायची थांबली नाही. कणकेचं पार पाणी झालं तरी मळत होती. तुम्हाला जानेवारीपासून माहीत होतं, हेही तिच्याकडूनच कळलं.

तिने पोळी भाजली याचा राग नाही. लोकांच्या खापरांना ती तेच करते. पण हे माझं होतं, मला एकदा विचारायचं. तडकणार नाही हे मला थापतानाच कळलं होतं.

सोमवारी सुरतेला जाते आहे. नानांनी, तुमच्या दाजींनी, आवा मोडायला घेतला, विटा कॉलनीवालेच विकत मागत होते. आईशी माझं बोलणं नाही. तुम्ही मध्ये पडू नका.

आणि मामा, हे तुमच्या साप्ताहिकातल्या सदरात लिहू नका. तुम्ही छान लिहाल आणि लोक हसतील.

तुमची,
दिपमाला

॥ श्री ॥

धुळे, २ मे

चि. दिपमालास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

सदरात लिहिलं नाही. त्या आठवड्यात गटारींवर लिहिलं, गटारींना वाईट वाटत नाही.

अर्जावर पत्ता माझा होता, म्हणून खोकं अक्षय्यतृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या, आदल्या दिवशी माझ्याकडे परत आलं. सोबत आभाराचं छापील पत्र, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा असं सुचवणारं. कापड मात्र त्यांनी नीट घडी घालून पाठवलंय. मी खोकं पलंगाखाली सरकवलं आणि दिवसभर त्या पलंगावर बसलो नाही.

आखाजीला सकाळी खालच्या तानुबाई पिठाच्या हातांनी वर आल्या. परसात चूल पेटलेली, लेकी-जावई आलेले, पुरण वाटून तयार, आणि खापर उभं तडकलेलं. बाजारातून घाईत आणलेलं, कोणी पारखलेलं नव्हतं. तुमची बहीण खापरवाल्या घरची, एखादं असेल तर द्या, म्हणाल्या. मी नाही म्हटलं. ते माझं नव्हतं. तुला फोन लावला, तर तुमच्या कारखान्यात फोन दारावर काढून घेतात ना. दोनदा लावला. मग खोकं काढलं.

दिपू, दुपार कलेपर्यंत ते आगीवर होतं. तडकलं नाही. ज्वारीची कणसं आता दिसत नाहीत, गेली. तुझं नाव काळ्याखाली आहे, बोट फिरवलं तर लागतं. तानुबाईंनी विचारलं हात कोणाचा. मी अक्काचं नाव घेतलं नाही, अक्काची मुलगी असंही म्हटलं नाही. दिपमाला म्हटलं.

खापर तुझं आहे, तुझ्या नावानेच ठेवलंय. धरणगावला पाठवू की सुरतेला, की माझ्याकडेच राहू देऊ, ते तू सांग. अक्काला यातलं काही कळवलेलं नाही. तू म्हणालीस मध्ये पडू नका, तर नाही पडलो. परवा तिचं पत्र आलं, त्यात फक्त हवापाण्याचं लिहिलं होतं आणि शेवटी तुझा पत्ता विचारला होता. दिला नाही. तुला विचारतो आहे.

सणाची पोळी ज्या खापरावर झाली, ते थापणाऱ्याच्या घरी सूपभर गहू जातात. संस्थेला ही रीत कुठून माहीत असणार, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तानुबाईंनी आपणहून गहू काढून दिले. पोळ्या मीही खाल्ल्या, म्हणून माझ्या वाट्याचे त्यात घातले. एरवी ते अक्काच्या कोठीत गेले असते. या वेळी आज रात्रीच्या सुरतेच्या ट्रॅव्हल्समध्ये तुझ्या नावाची पिशवी ठेवतो आहे, हे पत्रही त्यातच; उतरवून घ्यायला ट्रॅव्हल्सवाले तुला सकाळी फोन करतील.

सांभाळून राहा. लोभ करणं न करणं तुझ्याकडे.

मामा

ता. क. गहू मी गॅलरीत बसून निवडले आहेत. खडा लागणार नाही.