माहुल ते मरोळ, प्लॉट नंबर बासष्ट

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.४०
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी. हायड्रोजनची पाइपलाइन, माहुल ते मरोळ. कारखान्यांच्या भट्ट्यांत गॅसऐवजी हायड्रोजन जळेल, कार्बन गायब. रूट प्लॅनिंग लीड: मी, मिथुन वाहुळे. टीम: सपना. टीम एवढीच. अठ्ठावीसला क्लायंटसमोर रिव्ह्यू. जमलं नाही तर दोघांपैकी एकाला सोडावं लागेल, असं अनिरुद्ध सर म्हणाले. हसत म्हणाले, म्हणजे गंमतच असणार.

५ फेब्रुवारी
बाबांना नकाशा दाखवला. त्यांनी तीस वर्षं मरोळमध्ये भट्ट्या दुरुस्त केल्यात. म्हणाले, रविवारी चल, पायी फिरू, कुठली पेटती आणि कुठली विझली ते दाखवतो. मी समजावलं, बाबा, आता सॅटेलाइटवरून सगळं दिसतं. त्यावर म्हणाले, तुझ्या सॅटेलाइटला धग लागते का रे? वय झालं की माणूस हट्टी होतो.

११ फेब्रुवारी
उद्योगांची यादी मिळाली, प्लॉट नंबरसकट. जरा जुनी आहे, पण टाइप झकास. सगळ्यात मोठा ग्राहक प्लॉट नं. ६२, ज्योतिर्मय ग्लास वर्क्स. निम्मी मागणी त्याची एकट्याची. पाइपलाइनचं टोक तिथेच. संमती मागणारं पत्र कुरिअरने पाठवलं. सपना म्हणाली, सर, आपलं ऑफिस मरोळलाच आहे ना, जाऊन येऊ या? नको. आपण कन्सल्टंट आहोत, सेल्समन नाही.

१४ फेब्रुवारी
उत्तर नाही. दुसरं पत्र. यादीतला फोन नंबर सात आकडी आहे, लागत नाही. नेटवर्कचा प्रॉब्लेम.

१९ फेब्रुवारी
तिसरं पत्र, कडक भाषेत. पृथ्वी तापतेय आणि यांना दोन ओळी लिहायला जड जातंय!
खाली वॉचमन लवूकाकांनी अडवलं. म्हणाले, सायबानू, खंयच्या तरी बंद पडलल्या कंपनीच्या नावान पत्रां येतत, काय करू तेंचा? म्हटलं, रद्दीत टाका. लोकांना साधा पत्ता लिहिता येत नाही.

२४ फेब्रुवारी. दुपार
रिपोर्टच्या फॉर्मात एक रकाना आहे: प्रत्यक्ष पाहणी कोणी केली? भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. सपनाचं नाव टाकलं. तेवढंच तिला एक्स्पोजर. तिला सांगायचं राहिलं, आईला घेऊन दवाखान्यात गेली होती. घरात कमावणारी ती एकटीच.

२८ फेब्रुवारी. दुपारी ३
स्लाइड्स उत्तम झाल्या. दुर्दैवाने मी डबा विसरलो होतो.
बाबा डबा घेऊन आले. माझं ऑफिस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. आम्ही क्लायंटला घेऊन जेवायला बाहेर पडलो, तर बाबा रिसेप्शनमध्ये उभे. गेटजवळच्या उंबराच्या झाडावरून त्यांनी जागा ओळखली होती. सगळ्यांसमोर कौतुकाने म्हणाले, मिथुन, अरे ही ज्योतिर्मयची जागा! बारा वर्षांपूर्वी बंद पडली, पाडून ही बिल्डिंग बांधली. तू बसतोस ना, तिथेच भट्टीचं तोंड होतं बघ.
तेवढ्यात लवूकाका माझी तिन्ही पत्रं घेऊन वर आले. रद्दीत टाकायला त्यांचा जीव झाला नव्हता म्हणे.
क्लायंटने विचारलं, पाहणी कोणी केली? अनिरुद्ध सरांनी फॉर्म वाचला. मी बोलणारच होतो. आधी ग्लासभर पाणी प्यायलो. तोवर सर सपनाकडे वळले होते.

३ मार्च
सपनाला काढलं. जाताना म्हणाली, सर, मी कधी गेले होते हो? सांगा ना त्यांना. म्हटलं, सांगतो, योग्य वेळ बघून. तिचा कॉफीचा मग टेबलावरच राहिलाय.

५ मार्च
बाबांनी खोदून विचारलं. सांगितलं. ते ताटावरून उठले. म्हणाले, माझ्या हातून भट्टीला तडा गेला की मी आधी माझं नाव सांगायचो. बाबांच्या काळी फॉर्म नव्हते, त्यांना काय कळणार. रडू आलं, का ते कळलं नाही.

८ मार्च, शनिवार. सकाळी ११
बाबांबरोबर मरोळ पायी फिरलो. यादीतल्या एकवीस भट्ट्यांपैकी चार पेटत्या. बाकीच्या जागी ऑफिसं, जिम, एक लग्नाचा हॉल. बाबांनी सगळ्या नावानिशी दाखवल्या. घरी येऊन अनिरुद्ध सरांना मेल लिहिला: पाहणी कोणीच केली नाही, सपनाचं नाव मी टाकलं. लिहून इतकं हलकं वाटलं! सोमवारी सकाळी पहिलं काम, मेल पाठवणे.

१० मार्च, सोमवार
नेट स्लो आहे.
सपनाचा फोन आला होता. वाजू दिला.