कन्या अभियंता प्रोत्साहन समितीचा अध्यक्ष

१४ जून, सकाळी ७
डोकं फिरलंय. काल आमच्या 'कन्या अभियंता प्रोत्साहन समिती'ची पहिली सभा. वडूजमध्ये तीन दिवस रिक्षा फिरवली. आले अकरा जण. त्यात मुलगी एकच, आमची राजेश्वरी, तीही माईक जोडायला. बावीस वर्षं फौजेत काढली, एवढी बेशिस्त पाहिली नाही. तरी पन्नास मिनिटं बोललो.
संकल्प: यंदा तालुक्यातून पंचवीस मुली इंजिनिअरिंगला पाठवणारच.

१७ जून
बिरदेवच्या घरी गेलो. त्याच्या मुलीला बारावीला पंच्याऐंशी टक्के, आणि हा तिच्यासाठी स्थळं बघतोय. फाडफाड बोललो. तर म्हणतो, "सुभेदार, आधी तुमच्या पोरीला कुठल्या कालेजात घालताय त्ये सांगा की." उद्धट माणूस.
पंचवीसऐवजी दहा मुली. दर्जा महत्त्वाचा.

२० जून
राजेश्वरीला सीईटीत चौऱ्याण्णव पर्सेंटाइल! माझ्या प्रोत्साहनाचं जिवंत उदाहरण. पेढे वाटले. संध्याकाळी सहज विचारलं, कॉम्प्युटर ना? म्हणाली, मेकॅनिकल. सांगलीला.
रक्त उसळलं. मी मुलींच्या विरोधात नाही. पण मेकॅनिकल म्हणजे ग्रीस, घण, कारखान्यातली रात्रपाळी. तिला शांतपणे समजावलं. शेजारचे बाहेर आले ते दुसऱ्या कशासाठी तरी असणार.

२३ जून
बोलणं बंद केलंय तिनं. जेवण बंद नाही, उलट एक भाकरी जास्तच खाते. मी झुकणार नाही. कॉम्प्युटरचे फायदे कागदावर लिहून दाखवले: एसी केबिन, स्वच्छ कपडे, वेळेत घरी. कागद वाचून म्हणाली, पप्पा, सभेत तुम्हीच म्हणालात की मुलींनी कुठल्याही क्षेत्रात जावं.
भाषणाला संदर्भ असतो. आजकालच्या पोरांना संदर्भच कळत नाही.

२ जुलै
तिचा प्रवेशाचा फॉर्म मीच भरणार म्हणून सायबर कॅफेत गेलो. दीड तास गेला. पासवर्ड तीनदा चुकला. ओटीपी राजेश्वरीच्या मोबाइलवर. फोन केला, तिनं उचलला नाही. कॅफेवाला हसला. त्याला झापलं.
संकल्प: मुली राहू देत. आधी पालकांचं प्रबोधन. लोक फार मागासलेले आहेत.

२८ जुलै
नंबर लागला. मेकॅनिकल, सांगली.
फॉर्मवर पालकाची सही कुणी केली म्हणून गरजलो. आमची ही भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्या केली. तुमी पलटणीत व्हता तवा शाळेच्या दाखल्यापासनं सासूबाईंच्या ऑपरेशनच्या कागदापातुर माझीच सही चालली. आताच काय झालं?"
ताट सरकवून उठलो. दुपारी भूक लागली, परत येऊन बसलो. हिनं तेच ताट पुढं केलं. त्याचाच जास्त राग आला.

४ ऑगस्ट
तिघं सांगलीला गेलो. अ‍ॅडमिशन झाली. वर्कशॉप बघितलं. लेथ मशीन शिकवायला बाई! त्यांना समितीचं कार्ड दिलं. त्यांनी ते न वाचताच एप्रनच्या खिशात टाकलं आणि दाराशी उभ्या राहिलेल्या हिला म्हणाल्या, "आई, बाहेर का? या ना आत." ही आत गेली. मशीनजवळ थांबली. हात लावू का, असं विचारून लावला. बराच वेळ हात तसाच ठेवला.

राजेश्वरीला हॉस्टेलवर सोडलं. परतीच्या एसटीत मी हिला तक्रारी सांगत होतो. हॉस्टेलचं गेट, मेसची डाळ, कार्ड न वाचणारी बाई. तासगाव सोडल्यावर ही मध्येच म्हणाली, "मलाबी आयटीआयला नंबर लागला व्हता. वायरमनला. लगीन हून म्हैना झालता. पत्र तुमच्या हातात आलं. तुमी वाचलं, हसला, म्हणला, बाई खांबावर चढणार व्हय? आन् खिशात घातलं."
आवाज चढवला नाही. खिडकीबाहेर बघत बोलली.

मला काही आठवत नाही. विट्यापर्यंत आठवून पाहिलं. पत्र नाही, हसणं नाही, काहीच नाही. पण आठवत नाही असं तिला सांगायची छाती झाली नाही.

विट्याला गाडी दहा मिनिटं थांबली. चहा घेणार का, असं हिनं विचारलं. मी नको म्हणून मान हलवली. ती एकटीच उतरली.